द्रोब्नी, यारोस्लाव्ह
द्रोब्नी, यारोस्लाव्ह : (१२ ऑक्टोबर १९२१–१३ सप्टेंबर २००१). मूळचा चेक लॉन टेनिसपटू व आइस हॉकीपटू. विंबल्डन पुरुष एकेरीचा १९५४ चा विजेता. जन्म प्राग येथे. मराठीत ‘ड्रॉबनी’ असेही लिहितात. चेक उच्चाराला ‘द्रोब्नी’ अधिक जवळचे. वडील टेनिस क्लबच्या मैदानाची निगा राखत. तेथेच चेंडू वेचून देता देता तो खेळ शिकला.

त्याच्या नावापुढे कोणता देश लिहावा, याबाबत एकवाक्यता नाही. विंबल्डनमध्ये तो १९३८ साली चेकोस्लोव्हाकियाकडून उतरला, तर १९३९ मध्ये, देश जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर, बोहेमिया-मोराव्हियाकडून. महायुद्धानंतर पुन्हा चेकोस्लोव्हाकिया. जुलै १९४९ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड येथील स्पर्धेच्या वेळी त्याने व सहकारी व्लादिमीर चेर्निक याने मायदेशी न परतण्याचा निर्णय घेतला. पुढे ईजिप्तने त्याला नागरिकत्व दिले. १९५९ मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला. काही लेखक त्याला सरसकट चेक म्हणतात. त्याचा खेळ प्रागमध्ये घडला हे खरेच; तरी फ्रेंच (१९५१, १९५२) व विंबल्डन विजेतेपदांपुढे ईजिप्त लिहिणेच योग्य, कारण त्या वर्षांत तो त्याच देशाच्या पासपोर्टवर खेळत होता.

द्रोब्नी डावखुरा होता. डावखुऱ्याची स्लाइस (चेंडूला बाजूने फिरकी दिलेली) सर्व्हिस अ‍ॅडव्हान्टेज कोर्टात (सर्व्हिस घेणाऱ्याच्या डाव्या हाताकडील चौकोनात) पडून उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडकडे, बाहेरच्या बाजूला वळते. ती परतवायला प्रतिस्पर्धी कोर्टाबाहेर ओढला जातो आणि उरलेले मैदान मोकळे पडते. फ्रेंच स्पर्धेच्या लाल मातीवर त्याचा ड्रॉप शॉट (जाळीपलीकडे अगदी जवळ हळूच टाकलेला चेंडू) विशेष घातक ठरे: अशा मातीवर चेंडूचा वेग मरतो, आणि बेसलाइनमागून (कोर्टाच्या मागच्या रेषेपलीकडून) धावणाऱ्याचा पाय पहिल्याच पावलाला घसरतो.

विंबल्डनचे अंतिम सामने तो १९४९ (टेड श्रोडर) व १९५२ (फ्रँक सेजमन) मध्ये हरला. १९५३ च्या तिसऱ्या फेरीत बज पॅटीला त्याने ८–६, १६–१८, ३–६, ८–६, १२–१० असे हरवले. बरोबरीत ताणलेल्या सेटचा झटपट निकाल लावणारा टायब्रेक तेव्हा नव्हता, त्यामुळे ९३ गेम झाले. पॅटीचे सहा मॅच पॉइंट द्रोब्नीने वाचवले. पण या झुंजीत पाय दुखावला, आणि उपान्त्य सामन्यात कुर्त नील्सेनने त्याला हरवले. पुढच्या वर्षी अकरावे मानांकन असताना त्याने अंतिम सामन्यात केन रोझवॉलला १३–११, ४–६, ६–२, ९–७ असे नमवले. १९१४ च्या नॉर्मन ब्रुक्सनंतर विंबल्डन एकेरी जिंकणारा हा पहिला डावखुरा. चष्मा लावून ती जिंकणारा पहिला पुरुषही तोच.

आइस हॉकीत तो १९४७ च्या विश्वविजेत्या चेकोस्लोव्हाक संघात होता. सेंट मॉरित्झच्या १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये याच संघाने कॅनडाला ०–० असे रोखले, मात्र गोलसरासरीत (केलेल्या व झालेल्या गोलांच्या गुणोत्तरात) मागे पडल्याने त्याला रौप्यपदक मिळाले. द्रोब्नीच्या डोळ्याची इजाही हॉकीतलीच. चष्मा त्यामुळेच लागला.

लंडन येथे त्याचे निधन झाले.