कामगार मुळात कामचुकार असतो का? ‘एक्स’ आणि ‘वाय’ची पार्श्वभूमी

घरून काम करणाऱ्याचा माउस किती वेळ हलला नाही, हे साहेबाला कळवणारी सॉफ्टवेअर कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी घेतली. त्यामागची शंका जुनीच आहे. पूर्वी साहेबाच्या हातात स्टॉपवॉच असे, एवढाच फरक. या शंकेला ‘एक्स’ आणि तिच्या उलट बाजूला ‘वाय’ ही नावं पुढे डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकी प्राध्यापकाने दिली.

ते घड्याळ घेऊन फ्रेडरिक टेलर हा अमेरिकी इंजिनिअर कामगाराच्या शेजारी उभा राहिला. १८५६ साली फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरात जन्मलेला टेलर कारखान्यात उमेदवारीपासून वर चढला होता, त्यामुळे लोक हात राखून काम करतात हे त्याने जवळून पाहिलं होतं. कारणही त्याला ठाऊक होतं. नगावर मजुरी मिळणाऱ्याने जास्त माल काढला की मालक दर उतरवायचा. मग जास्त काढायचा कशाला? थोडक्यात, ही अंगचोरी हिशेबी होती. टेलरला झोडपणारे हा भाग सहसा गाळतात.

त्याचा उपाय मात्र एकतर्फी होता: डोकं साहेबाने चालवायचं, हात कामगाराने. १८९९ च्या सुमारास बेथलेहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहून गाडीत चढवणारा माणूस दिवसाला साडेबारा टन माल हलवायचा. टेलरने एकाला निवडलं, उचल कधी आणि विसावा कधी हे ठरवून दिलं आणि आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. माल जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीच्या थोडे वर. पुस्तकात टेलरने या माणसाला ‘श्मिट’ हे नाव दिलं आणि असल्या कामाला बैलाच्या बुद्धीचाच माणूस लागतो असं लिहिलं. गंमत म्हणजे, हाच श्मिट कामाच्या आधी आणि नंतर स्वतःचं घर बांधत होता, हेही टेलरनेच नोंदवलंय. स्वतःचं घर स्वतः बांधणारा बैल! ही विसंगती टेलरला खटकलेली दिसत नाही.

कामगारांना ती खटकली. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या लष्करी कारखान्यात एका मोल्डरने (ओतकामाचे साचे बनवणाऱ्याने) आपल्या कामावर घड्याळ लावू द्यायला नकार दिला. त्याला काढलं, तसे बाकीचे बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं आणि पुढे सरकारी शस्त्रकारखान्यांत स्टॉपवॉचवर बंदी आली, ती १९४९ पर्यंत टिकली.

मुंबईच्या गिरण्यांतही असाच हिशेब आला. दोन साचे (माग) चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, अशा ‘कार्यक्षमता’ योजनांवरून १९२८ चा सार्वत्रिक संप पेटला आणि सुमारे सहा महिने चालला. त्याच मुंबई इलाख्यात, औंध संस्थानच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० पासून उभारलेल्या किर्लोस्करवाडीत शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहारेकरी नेमलं होतं. हा माणसावरचा उलटा विश्वास; पण याला त्या काळी कुणी ‘थिअरी’ म्हटलं नाही.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून चाललेल्या प्रयोगांनी आणखी एक रंग भरला. दिव्यांचा उजेड वाढवला की काम वाढतं का, इथून सुरुवात झाली. निघालं असं की आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय, यानेच माणसं जास्त काम करतात. त्या निष्कर्षांवर पुढे बरीच शंका घेतली गेली, पण साहेबलोकांच्या बोलण्यात ‘मनोबल’ शिरलं ते या काळात.

डग्लस मॅकग्रेगर या गोष्टीत उशिरा येतो. त्याच्या आजोबांनी डेट्रॉइटमध्ये बेघर, भटक्या मजुरांसाठी आसरा काढला होता आणि पुढे वडिलांनी तो चालवला. लोक ज्यांना ऐतखाऊ समजत, अशी माणसं त्याने लहानपणापासून पाहिली होती. पन्नाशीच्या दशकात मॅकग्रेगर एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात शिकवत असताना जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने एक प्रश्न टाकला: यशस्वी मॅनेजर जन्मतो की घडतो? त्याचं उत्तर शोधता शोधता मॅकग्रेगर प्रश्नाच्याच मागे गेला. माणसाविषयी मॅनेजर मुळात काय धरून चालतो? १९५७ साली भाषणात आणि १९६० साली पुस्तकात त्याने दोन गृहीतकं मांडली. ‘एक्स’ म्हणजे माणसाला काम नकोसं असतं. त्याला हाकावं लागतं. ‘वाय’ म्हणजे काम खेळाइतकंच स्वाभाविक असतं आणि उद्दिष्ट आपलं वाटलं की माणूस स्वतःला आवर घालतो, जबाबदारी मागून घेतो.

त्यातला खरा दंश वेगळाच होता. मॅनेजर ‘एक्स’ धरून वागला की कामगार तसाच होतो, आणि मग मॅनेजर म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो? मुलावर रोज संशय घेणाऱ्या बापाला हे चटकन कळावं. वाचकांनी मात्र ‘एक्स’ म्हणजे कडक साहेब आणि ‘वाय’ म्हणजे मवाळ साहेब, असा सोपा अर्थ लावला. आजही निम्मे ट्रेनर तेच शिकवतात. मॅकग्रेगर स्वतः मवाळपणाला भुललेला नव्हता. १९४८ ते १९५४ तो ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजचा अध्यक्ष होता. आपण नुसते सल्लागार म्हणून राहू, साहेबगिरी टाळू, अशी त्याची समजूत होती. ती साफ चुकली, हे निरोप घेताना त्याने उघड लिहिलं. म्हणजे ‘वाय’ मांडण्याआधीच तो हा धडा शिकला होता.

‘वाय’ची कसोटी कॅलिफोर्नियात लागली. डेल मार इथे डिजिटल व्होल्टमीटर बनवणाऱ्या ‘नॉन-लिनियर सिस्टिम्स’चा मालक अँड्र्यू के याने १९६० च्या सुमारास असेंब्ली लाइन मोडली आणि छोट्या गटांकडे पूर्ण यंत्र जोडायचं काम दिलं. १९६२ च्या उन्हाळ्यात माणसाच्या गरजांची उतरंड मांडणारा मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो तिथे जाऊन राहिला. ज्याच्या सिद्धांतावर ‘वाय’ उभा होता, त्यानेच तिथे बसून लिहिलं की एवढी जबाबदारी सगळ्यांनाच पेलत नाही. काही वर्षांत एरोस्पेस क्षेत्राची मागणी आटली आणि प्रयोग गुंडाळला गेला. धंदा व्यवस्थापनाचे नवे सिद्धांत घडवण्यासाठी नसतो, हे आपल्या नजरेआड झालं असावं, असं के पुढे म्हणाला.