गुळगुळीत दाढी: धार लावायचं काम न्हाव्याच्या हातातून ब्लेडच्या पाकिटात कसं गेलं

पाच पात्यांचं महागडं कार्ट्रिज (रेझरच्या दांड्याला लावायचं बदलतं डोकं) आणूनही सलूनसारखी दाढी घरी का होत नाही, हे बऱ्याच जणांना पडलेलं कोडं. माझ्या मते दाढीचा अख्खा इतिहास म्हणजे हातातलं कसब हळूहळू काढून ते वस्तूत घालायचा खटाटोप आहे, आणि सगळं कसब काही वस्तूत मावलं नाही.

आधी फक्त वस्तरा होता. युरोपात चांगल्या वस्तऱ्यांसाठी दोन गावं गाजली, इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं सोलिंगेन. शेफील्डला १७४०च्या सुमारास बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकसारखं पोलाद करायची पद्धत काढली, त्यामुळे पातळ आणि टिकाऊ धार शक्य झाली. पण धार राखायची तर निसणा म्हणजे धार लावायचा दगड पाहिजे, चामड्याचा पट्टा पाहिजे आणि रोजचा हात पाहिजे, म्हणून सामान्य माणूस न्हाव्याकडेच जायचा. आपल्याकडे तर तो बलुतेदारच, धोकटी घेऊन घरी यायचा आणि वर्षाला धान्य न्यायचा. (याच वस्तऱ्याची एक वेगळी गोष्ट: १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. दाढीशी थेट संबंध नाही, पण वस्तऱ्यावर लिहायचं आणि हे गाळायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.)

आता किंग कॅम्प जिलेट, फेकून द्यायच्या ब्लेडचा रेझर आणणारा अमेरिकन. त्याच्याआधीही पात्याला आडोसा असलेले रेझर होते, अमेरिकेत काम्फे बंधूंचा १८८०पासून होता, पण त्याचं पातं काढून धार लावावीच लागायची. जिलेटचं डोकं वेगळं चाललं, धार लावायचीच नाही, पातं फेकून द्यायचं. म्हणजे पत्र्याइतकं पातळ आणि स्वस्त पोलाद हवं, आणि ते होणार नाही असं जाणकार सांगत होते. शेवटी विल्यम निकर्सन या इंजिनिअरने ते जमवलं. १९०३ला विक्री सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली, बास. पुढच्याच वर्षी मात्र रेझर ९० हजारांच्या वर गेले. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सैनिकांना रेझर वाटले, सुमारे ३५ लाख, आणि ती पोरं घरी परतली ती स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच. १९६०च्या दशकात विल्किन्सन स्वोर्ड या इंग्लिश कंपनीने स्टेनलेस ब्लेड बाजारात रुळवलं, मग गंजाचीही कटकट गेली.

पण धार पाकिटात आली तरी बाकीचं पाकिटात येत नाही ना. दाढीचा केस कोरडा असताना चांगलाच चिवट असतो, कोमट पाणी दोन-तीन मिनिटं मुरलं की तो बराच मऊ पडतो आणि कापायला जोर कमी लागतो. ब्रशने फेस घोळवतात तो सुगंधासाठी नाही, ते पाणी केसात टिकावं म्हणून. आणि खुर्चीत बसल्यावर नीट बघा, उजवा हात वस्तरा चालवतो पण खरं काम डाव्या अंगठ्याचं असतं, तो कातडी वर ताणून धरतो. आधी केसाच्या दिशेने एक हात, मग परत फेस, मग "उलटी मारू का?" (म्हणजे केसाच्या उलट दिशेने) आणि शेवटी पाणी मारून तुरटी. हे घरी दोन मिनिटांत उरकणाऱ्याला कार्ट्रिज काय देणार, कप्पाळ!

सलूनमध्ये आता जो वस्तरा दिसतो तोही जुना नाही. एड्सची भीती पसरली तशी एकाच पात्याने सगळ्यांची दाढी हे लोकांना नको झालं आणि पाकिटातल्या ब्लेडचे मधोमध दोन तुकडे करून अर्धं ब्लेड वस्तऱ्यात अडकवायची पद्धत घट्ट झाली. निसणा गेला, अंगठा राहिला.

१९७१ला जिलेट कंपनीनेच दोन पात्यांचं कार्ट्रिज आणलं. पहिलं पातं केस थोडा ओढतं, तो परत आत जायच्या आत दुसरं कापतं, म्हणजे केस कातडीच्याही खाली तुटतो. हाताला मस्त गुळगुळीत लागतं, पण केस कुरळा असेल तर तो वाढताना आतच वळतो आणि मानेवर पुटकुळ्या येतात, म्हणून अशांना बरेच त्वचेचे डॉक्टर एकाच पात्याचा रेझर वापरायला सांगतात आणि उलटा हात टाळायला.