निकामी बंदूक आणि पुरावस्तू: पार्सल बांधण्याआधी

वाड्यात खुंटीवर टांगलेली तोड्याची (पेटत्या वातीने, म्हणजे जामगीने उडणारी) बंदूक दुसऱ्या गावी धाडायची म्हटलं की हमखास ऐकू येतं, "शंभर वर्षांची जुनी आहे, तिला कसला परवाना?" या वाक्यात दोन वेगळे कायदे एकमेकांत मिसळले आहेत. १९५९ चा शस्त्र कायदा विचारतो, ती उडेल का? १९७२ चा पुरावस्तू कायदा विचारतो, ती किती जुनी आहे? एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट अशी आहे: जुन्या धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र कायद्यातून सुटतं, पण दुरुस्ती करूनसुद्धा ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. सगळी मेख या 'दुरुस्ती करूनसुद्धा'त आहे. आता तोड्याची बंदूक बघा. तिला उडायला लागतं काय? मागून बंद असलेली नळी आणि बुडाशी एक कान, म्हणजे बत्ती द्यायचं बारीक भोक. चाप तुटला, तोडा धरणारी पकड हरवली, दस्ता वाळवीने खाल्ला, तरी पेटती जामगी हाताने कानाशी नेली की बार उडू शकतो. त्यामुळे "घोडाच नाही हो तिला" हा युक्तिवाद सगळ्यात साध्या बंदुकीच्या बाबतीतच सगळ्यात लंगडा पडतो.

नळी कापून ती घरीच निकामी करू, हा विचारही सोडा. नळी आखूड करायलाच कलम ६ खाली परवाना लागतो, शिवाय वस्तूचं मोल मातीत जातं ते वेगळंच. ती निकामी आहे की नाही हे परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावं: पुणे-मुंबईसारख्या ठिकाणी पोलीस आयुक्तालय, जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालय. शेजारच्या निवृत्त फौजदारांचं मत कितीही भारदस्त असलं तरी तपासनाक्यावर चालत नाही.

पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं हा आकडा खरोखर आहे, पण तो सूट देत नाही, बांधून ठेवतो. शंभर वर्षं पूर्ण झालेली पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. हा नियम मोडला तर किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद, वर दंड. वस्तू शंभराच्या आतली आहे असं वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला काढून मगच कस्टम्सकडे जायचं. हा दाखला शस्त्र कायद्याचं काम करत नाही. शस्त्र परदेशी पाठवण्याची परवानगी त्या कायद्यात निराळी आहे.

गोंधळ वाढवायला अमेरिकेतले नातेवाईक असतातच. १८९८ किंवा त्याआधी बनवलेली बंदूक तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' धरली जात नाही, हे खरं. पण ती सूट तिथली. इथून निघताना तीच बंदूक पुरावस्तू म्हणून अडते, आणि उडण्याजोगी असेल तर शस्त्र म्हणूनही. १८९० सालची बारा बोअरची दुनळी हे याचं चांगलं उदाहरण: वय झालेलं, आणि काडतूस आजही बसतं.

देशातल्या देशात, उडू शकणारी बंदूक टपालाने किंवा कुरिअरने पाठवायचा विचारच नको. घेणाऱ्याकडे परवाना हवा, देणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं, आणि ने-आण परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत करायची. निकामी असल्याचं लेखी हाती असेल तरच कुरिअरचा प्रश्न येतो, आणि तेव्हाही त्या कंपनीचा होकार आधी लेखी घ्यावा.

मात्र कागदांच्याही आधी एक तपासणी. ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासायच्या) बंदुका पुष्कळदा भरलेल्याच भिंतीवर चढलेल्या असतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. सरळ लाकडी काठी नळीत अलगद सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरा. काठीचं टोक कानापर्यंत पोहोचलं पाहिजे. तीन-चार सेंटिमीटर आधीच थांबलं तर आत बार असू शकतो, किंवा नुसतं कुंभारीण माशीचं मातीचं घर. केपाच्या (घोड्याखाली स्फोटक टोपी ठेवून उडणाऱ्या) काही बंदुकांत बुडाची कोठडीच अरुंद असते, तिथेही काठी आधी थांबते. काहीही असो, लोखंडी गजाने उकरू नका, नळी तापवू नका, ड्रिल लावू नका. तोंड माणसांपासून वळवून ठेवा आणि परवानाधारक बंदूक-कारागिराला बोलवा. बारूददाणी सोबत जात असेल तर तीही बघून घ्या. चमचाभर दारू उरली असली तरी ती पार्सलमध्ये स्फोटकच.

बांधणीत मोडते ती नेहमी दस्त्याची बारीक मान. प्लायवूडची पेटी घ्या आणि बंदुकीला नळीचं तोंड, मध्य व दस्ता अशा तीन ठिकाणी फोमचे खाचे द्या. मान अधांतरी ठेवा, तिच्यावर दाब नको. नळीला खनिज तेलाचा पुसट हात, वर आम्लरहित कागद. बबल रॅप थेट लावला तर जुन्या रोगणावर ठिपके उठतात. पावसाळ्यात नुसत्या प्लास्टिकमध्ये घट्ट बंद केलं की लाकडातला ओलावा आतच राहतो आणि चार दिवसांत लोखंडावर तांबूस साय धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. वस्तूचं वर्णन 'पितळी समई' असं लिहू नका. क्ष-किरणात नळी लख्ख दिसते आणि खोट्या वर्णनाचं उत्तर पाठवणाऱ्यालाच द्यावं लागतं. 'निकामी जुनी बंदूक, शोभेसाठी' असं लिहा, लेखी निर्णयाची एक प्रत पेटीत आणि एक बाहेरच्या पाकिटात ठेवा, आणि शक्यतो रस्त्याने जाणारी सेवा निवडा.