क्यूआर कोड व मोबाइल : वर्गातील वापर (गोवा)

पाठ्यपुस्तकात, तक्त्यावर किंवा वर्गाच्या दारावर छापलेला काळ्यापांढऱ्या चौकटींचा संकेत मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचून पाठाचा मजकूर, ध्वनी वा चित्रफीत उघडण्याची अध्यापनरीत.

हा संकेत जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा व सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी १९९४ मध्ये सिद्ध केला. 'गो' या पटावरील खेळाच्या सोंगट्यांवरून तो सुचला, असे सर्वत्र सांगितले जाते. त्यात तथ्य आहे; पण संकेताचे मर्म तीन कोपऱ्यांतील चौकटींत आहे. त्यांच्या मध्यातून कशीही रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ पडते. छापील कागदांवर हे प्रमाण सर्वांत क्वचित आढळते, हे तपासून ते निवडले गेले. त्यामुळे खेळापेक्षा या तपासणीला अधिक श्रेय देणे योग्य वाटते.

सर्वांत मोठ्या संकेतात १७७ × १७७ घरे असतात व कमाल २,९५३ बाइट मावतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकातील अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. 'गोवा' हा दोन अक्षरी शब्दही काना-मात्रांसह १२ बाइटांचा होतो. म्हणजे मराठी मजकुराची कमाल मर्यादा सुमारे ९८४ चिन्हे, एखादी छोटी कविता आणि तिचे शब्दार्थ एवढी. म्हणून बहुतेक पुस्तकांतील कोडात पाठ नसतो, पाठाचा इंटरनेटवरील पत्ता असतो.

भारतातील शालेय वापराचे श्रेय बहुधा सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दिले जाते. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. केंद्राचे 'दीक्षा' हे शालेय पाठांचे ऑनलाइन व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. एकाच उगमाऐवजी या दोन्ही प्रवाहांचा संगम मानणे अधिक सयुक्तिक होय. दीक्षाच्या कोडाखाली सहा चिन्हांचा संकेतही छापलेला असतो. कॅमेरा खराब असेल, तर ही सहा चिन्हे टाइप करून काम भागते.

गोव्यात पत्त्याचा कोड रेंजपाशी अडतो. सांगे, सत्तरीच्या डोंगराळ वाड्यांवर हा प्रश्न खरा आहे. २०२० च्या टाळेबंदीत सांग्यातील मुलांना रेंजसाठी टेकडी चढावी लागली. अशा ठिकाणी मजकूर आत साठवलेला कोड किंवा आधीच उतरवून घेतलेला पाठच उपयोगी, कारण त्यांना इंटरनेट लागत नाही. एकशिक्षकी मराठी प्राथमिक शाळेत बाई तिसरीला गणित शिकवत असताना पहिलीची मुले मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेली कविता ऐकू शकतात.

प्लिकर्स या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीत तर मुलांना मोबाइल लागतच नाही. प्रत्येकाच्या हाती वेगळ्या नक्षीचे कागदी कार्ड असते. उत्तराची बाजू वर धरून मुले ते उंचावतात आणि बाई आपला एकच फोन वर्गावरून फिरवतात.

गोव्याच्या पावसाळ्यात तक्ते दमट होतात, फुगतात. कोडात बिघडलेला भाग भरून काढण्याची सोय असते; तिच्या सर्वोच्च दुरुस्ती-पातळीवर छापलेला कोड सुमारे ३० टक्के बिघडला तरी वाचता येतो. मात्र ही दुरुस्ती कोपऱ्यांतील चौकटींना लागू नाही. म्हणून तक्त्याच्या टाचण्या त्या चौकटी सोडून माराव्यात.