अनुराधपूर

अनुराधपूर : श्रीलंकेची प्राचीन राजधानी व थेरवादी बौद्धांचे आजही जागते असलेले क्षेत्र. मलवतू ओया नदीकाठी, कोलंबोच्या उत्तरेस सुमारे २०० किमी. वर वसलेले. १९८२ पासून जागतिक वारसा यादीत समाविष्ट. अधूनमधूनचे खंड सोडता दहाव्या शतकाच्या अखेरीस चोलांची स्वारी होईपर्यंत सिंहली राजसत्ता येथेच होती.

अनुराध नावाच्या दोघांचे येथे वास्तव्य होते आणि अनुराधा नक्षत्रावर नगर वसले, अशी नावाची दुहेरी उपपत्ती महावंस हा श्रीलंकेचा पाली इतिवृत्तग्रंथ देतो. नगराचा संस्थापक म्हणून तो पंडुकाभय राजाचे नाव सांगतो. त्याचा काळ मात्र वादग्रस्त आहे. परंपरेनुसार बुद्धाचे परिनिर्वाण इ. स. पू. ५४३ मध्ये झाले; त्या हिशेबाने पुढचा लंकेचा राजा देवानंपिय तिस्स याचे राज्यारोहण इ. स. पू. ३०७ मध्ये येते. परंतु तिस्स अशोकाचा समकालीन आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील ग्रीक राजांच्या नावांमुळे अशोकाचा काळ बराचसा निश्चित. म्हणून बहुतेक अभ्यासक तिस्साला सुमारे ६० वर्षे अलीकडे आणतात. पंडुकाभयाची ७० आणि त्याचा पुत्र मुटसिव याची ६० वर्षांची राजवट पारंपरिक कालगणनेतील पोकळी भरण्यासाठी ताणलेली वाटते. कोटाच्या आतील उत्खननात ब्राह्मी लिपीतील अक्षरे कोरलेली खापरे इ. स. पू. चौथ्या शतकातील म्हणून नोंदली गेली. ती अशोकपूर्व ठरल्यास ब्राह्मीच्या उगमाचाच फेरविचार करावा लागेल. थरांच्या सरमिसळीची शंका काही लिपितज्ज्ञ घेतात. तरी वस्ती अशोकाहून जुनी, एवढे मान्य करायला हरकत नाही.

अशोककाळी ज्या मोग्गलिपुत्त तिस्स या स्थविर भिक्षूंनी महेंद्राला धर्मप्रसारासाठी लंकेत पाठविले, त्यांनीच महाधम्मरक्खिताला महारट्ठात, म्हणजे आपल्याकडे, पाठविल्याचे महावंस सांगतो. संघमित्रेने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला श्रीमहाबोधी येथे आजही उभा आहे.

महाविहार, अभयगिरी आणि जेतवन हे तीन प्रमुख विहार. महासेन राजाने (तिसरे-चौथे शतक) आरंभलेला जेतवन स्तूप मुळात सुमारे १२२ मी. उंच असावा; त्याला नऊ कोटींवर विटा लागल्याचा अंदाज आहे. अभयगिरीत पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी यात्रेकरू फाहियान राहिला. मूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा पाहून त्याला घराची आठवण आली आणि डोळे भरून आले. राजधानीच्या वर्णनांत इतका जिवंत क्षण क्वचितच सापडतो.

याच परिसरात ‘महासेनाचा राजवाडा’ म्हणून दाखवितात ती वास्तू वस्तुतः भिक्खुनिवास असावी. तिच्या पायरीशी अर्धवर्तुळाकार चंद्रशिला (सिंहली : संदकड पहण) आहे : कडेला ज्वाला, मग हत्ती, घोडा, सिंह व बैल, त्याआत वेल, देठ चोचीत धरलेले हंस आणि मध्यभागी कमळ. संसारातून निर्वाणाकडे जाणारी वाट असा तिचा अर्थ पुरातत्त्वज्ञ परनवितान लावतात. तो आकर्षक असला, तरी प्राचीन ग्रंथांत त्याला आधार नाही. अलंकरण मानणेच अधिक सुरक्षित. राजवाड्यांचे अवशेष तुटपुंजे आहेत.

अवशेष विस्तीर्ण असल्याने ते सायकलीने पाहणे सोयीचे. स्तूपांच्या आवारात पादत्राणे व टोपी उतरवावी लागते. दुपारी फरशी पाय भाजते, म्हणून सकाळ बरी. जूनमधील पोसोन पौर्णिमेला पांढऱ्या वस्त्रांतील भाविकांनी येथील आणि जवळच्या मिहिंतलेच्या वाटा भरून जातात.