अकरावी आर्ट्स, नाशिक: इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र हवं असेल तर अर्ज कसा भरायचा

दहावीच्या निकालावर सामाजिक शास्त्रं ही एकच ओळ असते. इतिहास-राज्यशास्त्राचा 40 गुणांचा पेपर, भूगोलाचा 40 चा आणि अंतर्गत 20. अकरावीला या एका ओळीचे अनेक स्वतंत्र विषय होतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. कारण ऑनलाइन पोर्टलवर तुम्हाला कॉलेज आणि शाखा मिळते. विषय मिळतात ते कॉलेजात, प्रवेश पक्का करायला गेल्यावर. ‘आर्ट्स लागलं’ म्हणून पेढे वाटून झाल्यावर कळतं, की मानसशास्त्राची तुकडीच या कॉलेजात नाही.

म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी विषयांची चौकशी करा. नाशिकमध्ये कॉलेज रोडचं एचपीटी, गंगापूर रोडचं केटीएचएम, नाशिक रोडचं बिटको आणि पंचवटीतली कॉलेजं अशी आर्ट्सची जुनी ठिकाणं आहेत, पण प्रत्येक ठिकाणची विषययादी वेगळी. कॉलेजच्या माहितीपत्रकात ती छापलेली असते. ते मिळालं नाही तर ऑफिसात जाऊन विचारा. शेजारच्या ताईने तीन वर्षांपूर्वी काय घेतलं होतं, यावर विसंबू नका. शिक्षक निवृत्त झाले की विषय बंद पडतात.

विषय कसे निवडायचे

राज्य मंडळाच्या बारावीला सहा विषय, प्रत्येकी 100 गुणांचे. इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक. शिवाय पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण सगळ्यांनाच. ऐच्छिकांत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, शिक्षणशास्त्र असे बरेच विषय मंडळाच्या यादीत आहेत. पण यादीत असणं वेगळं आणि तुमच्या कॉलेजात असणं वेगळं.

दुसरी अडचण गटांची. वेळापत्रक बसवण्यासाठी कॉलेजं ऐच्छिक विषयांचे गट पाडतात आणि एका गटातून एकच विषय घेता येतो. समजा एका गटात ‘इतिहास / समाजशास्त्र’ आणि दुसऱ्यात ‘भूगोल / मानसशास्त्र’ असं छापलंय. मग इतिहास आणि समाजशास्त्र दोन्ही हवे असलेल्या मुलीला तिथे एकावर पाणी सोडावं लागतं. तेच दोन विषय दुसऱ्या कॉलेजात वेगवेगळ्या गटांत असू शकतात. माहितीपत्रकातलं हे एक पान घरी आणून पेन्सिलीने खुणा करा. माझ्या मते गेल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा हे पान जास्त कामाचं.

भूगोलाचं एक सांगायला हवं. त्याला प्रात्यक्षिक असतं, म्हणजे जर्नल, नकाशे, आलेख आणि वर्गाच्या वेळेपलीकडची बॅच. सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकेश्वरहून रोज येणाऱ्या मुलांनी बॅचची वेळ आणि परतीची एसटी यांचा मेळ बसतो का ते आधी पाहावं. बाकीच्या बहुतेक विषयांना 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचा प्रकल्प किंवा तोंडी.

स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र ही चौकडी घ्या असं सर्रास सांगितलं जातं. सल्ला वाईट नाही, पण पदवीला मानसशास्त्र करायचं असेल तर अकरावीत त्याची तोंडओळख झालेली बरी. अकरावीला घेतलेले विषयच सहसा बारावीला राहतात. नंतर बदलायला वाव फार कमी.

कोण अर्ज करू शकतं

दहावी उत्तीर्ण झालेलं कोणीही. राज्य मंडळ असो, सीबीएसई असो की आयसीएसई. एक-दोन विषय राहिलेल्या एटीकेटीवाल्यांनाही अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो, मात्र त्यांचा नंबर उशिरा लागतो. आर्ट्ससाठी दहावीत सामाजिक शास्त्रांत अमुक गुण हवेत, अशी अट नाही. निवड दहावीच्या गुणवत्तेवर होते आणि वेगळी प्रवेश परीक्षा नसते.

अर्ज

नाशिक शहरात केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधीपासून होते. 2025-26 पासून ते अख्ख्या राज्यात लागू झाले. त्यामुळे नाशिकचा मुलगा येवला किंवा मालेगावच्या कॉलेजसाठीही त्याच पोर्टलवर अर्ज करतो. त्या वर्षी नोंदणी शुल्क 100 रुपये होतं आणि किमान 1 ते कमाल 10 पसंती देता येत होत्या. हे आकडे आणि तारखा यंदाच्या सूचनेत पाहूनच पुढे जा.

भाग 1 मध्ये वैयक्तिक माहिती, प्रवर्ग आणि आरक्षणाचे दावे येतात. राज्य मंडळाच्या मुलांनी दहावीचा बैठक क्रमांक टाकला की गुण आपोआप येतात. भाग 1 तपासून मंजूर झाल्याशिवाय पुढचं काही खरं नाही, तेव्हा तो भरून लगेच लॉक करा आणि मंजुरीचा मेसेज आला का ते बघत राहा. मोबाइल नंबर आईवडिलांचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे आणि पळापळ तुमची.

भाग 2 मध्ये पसंतीक्रम. एकाच कॉलेजचे अनुदानित, विनाअनुदानित, मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम असे वेगवेगळे सांकेतिक क्रमांक असतात. फीमधला फरक इथेच ठरतो, म्हणून नुसतं कॉलेजचं नाव पाहून टिक करू नका. आणखी एक नियम पाठच करा: पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. हवा तो विषय नसलेलं कॉलेज केवळ नाव मोठं म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकणं त्यामुळे महागात पडतं. संस्थेच्याच शाळेतून दहावी झाली असेल तर इनहाउस कोटा, म्हणजे अशा मुलांसाठी राखीव जागा आहेत. व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोटाही वेगळा असतो.

कागदपत्रं

सगळ्यांना लागतात ती दोनच: दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. आधार आणि फोटो सोबत ठेवा. सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांकडे कॉलेज मायग्रेशन, म्हणजे मंडळ बदलल्याचं प्रमाणपत्र मागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट.

वेळ खातात ते दाखले. जातीचा दाखला प्रांत कार्यालयाचा, उत्पन्नाचा तहसीलदारांचा. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं आणि मुदत संपलेलं चालत नाही. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. त्याऐवजी उत्पन्नाचा दाखला जोडणारे दरवर्षी भेटतात. जूनमध्ये सेतूत रांगा लागतात. शहाण्याने हे काम एप्रिलमध्ये उरकावं. दाखल्यावरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, हेही तेव्हाच पाहा.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासूनच लागू होते, उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा आणि बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. सुरगाणा, पेठ, कळवणहून येणाऱ्या आदिवासी मुलांनी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज कॉलेज प्रवेशासोबतच करावा. जागा मोजक्याच असतात.

कॉलेजच्या खिडकीवर

नाव लागल्यावर पोर्टलवर प्रवेश निश्चित करण्याचा पर्याय निवडून दिलेल्या मुदतीत मूळ कागदपत्रांसह कॉलेजात जायचं. तिथे विषयांचा फॉर्म हातात पडतो, मागे रांग असते आणि क्लार्क म्हणतो, “लवकर भरा.” जास्त जागा असलेल्या विषयांचं ठीक, पण मर्यादित जागांचे विषय लवकर भरतात. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता पहिल्या दिवशी सकाळीच जा. चार विषय आणि एक राखीव, असं आधीच कागदावर लिहून न्या. पावतीवर विषयांची नावं आली की नाही, ते खिडकी सोडण्याआधी वाचा.

नियमित कॉलेज जमत नसेल तर

नोकरी आहे, लग्न झालंय, घर सांभाळायचंय अशांसाठी 17 नंबरचा फॉर्म आहे, म्हणजे नियमित कॉलेज न करता बाहेरून बारावीची परीक्षा देण्याचा अर्ज. दहावी आणि बारावीच्या परीक्षेत दोन वर्षांचं अंतर हवं. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि संपर्क केंद्र म्हणून एक कनिष्ठ महाविद्यालय निवडायचं. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे नाशिक विभागीय मंडळाकडे येतात. इथेही तोच मुद्दा: केंद्रात शिकवले जाणारे विषयच तुम्हाला मिळतात, तेव्हा केंद्र निवडताना घरापासूनचं अंतर नंतर बघा, विषय आधी. शाळा सोडल्याचा मूळ दाखला केंद्रात जमा होतो. त्याच्या दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये एक स्वच्छ स्कॅन काढूनच तो द्या.