नागपुरात पदवीसोबत ‘क्रिमिनॉलॉजी’ मायनर: फी भरण्याआधी काय पाहायचं

बारावीचा निकाल लागला की बरीच मुलं विचारतात, ‘बी.ए. करता करता गुन्हेगारीशास्त्र शिकता येतं का?’ येतं, पण महाविद्यालयाने तो विषय मायनर म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय म्हणून ठेवला असेल तरच. धावपळीत नेमकी हीच चौकशी राहते. माझ्या भाचीने माहितीपुस्तिकेत विषय पाहून प्रवेश घेतला, शिकवायला मात्र कोणी नव्हतं. शेवटी तिला दुसरं मायनर घ्यावं लागलं. म्हणून आधी विभागात जाऊन विचारा: यंदा विषय नक्की चालणार का, कोण शिकवणार, आणि किमान किती मुलं लागतात?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात तीन वर्षांची पदवी 120 ते 132 श्रेयांकांची (क्रेडिटची) आहे. त्यातले 18 ते 20 मायनरचे. एका श्रेयांकाला वर्गातले 15 तास धरले, तर मायनरच्या वाट्याला जेमतेम 270 ते 300 तास येतात. एवढ्यात कोणी तपास अधिकारी होत नाही. पण गुन्हा घडल्यापासून शिक्षेपर्यंतचा रस्ता नीट कळू शकतो. अभ्यासक्रम हातात घेऊन एक गोष्ट जरूर तपासा: 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, 511 कलमांची 358 झाली. अजून जुन्याच कलमांच्या नोट्स वाटल्या जात असतील, तर तिथे वेळ घालवू नका.

पात्रता साधी आहे. बारावी उत्तीर्ण हवं आणि पदवीला प्रवेश मिळालेला हवा. मायनर तुमच्याच शाखेतल्या वेगळ्या विषयाचं किंवा दुसऱ्या शाखेचंही चालतं, त्यामुळे बी.कॉम.च्या मुलीलाही दार बंद नाही. फक्त तासिका एकमेकींवर येत नाहीत ना, ते पाहून घ्या.

कागदपत्रं पदवी प्रवेशाचीच: दहावी-बारावीच्या मार्कशीट, टी.सी., आधार, फोटो. सीबीएसईवाल्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट वेळेत मागवावं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, ओबीसींना नॉन-क्रिमिलेअरही लागतं. त्यावरची मुदत आजच वाचा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रात रांगा लागतात. श्रेयांक जमा होण्यासाठी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांकांच्या बँकेतला (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातेक्रमांक, काढावा लागतो. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर गाडी तिथेच अडते. मायनर कोणतं हे विषयनिवडीच्या फॉर्मवर लिहिल्यावर त्याची पोच घ्या, नुसत्या तोंडी होकारावर घरी येऊ नका.

पालकांना मी स्पष्ट सांगते, या मायनरने फौजदार होण्याची पात्रता वाढत नाही. उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. तीन वर्षांच्या एलएल.बी.लाही तसंच, खुल्या गटाला पदवीला 45 टक्के हवेत. प्रयोगशाळेत काम करायचं असेल तर मायनर पुरणार नाही. बारावी विज्ञान करून न्यायसहायक विज्ञानाची (फॉरेन्सिक सायन्सची) पूर्ण पदवी घ्या, त्यासाठी नागपुरात शासकीय संस्था आहे.

कॉलेजात विषयच नसेल तर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरचे कोर्स पाहा. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे मिळवता येतात. मात्र ते मायनरमध्ये धरले जातील असं महाविद्यालयाकडून लेखी घ्या आणि मगच नाव नोंदवा.